इ. स. पू. ४६ : रोममधले ४४५ दिवसांचे वर्ष

प्रश्न

रोमन इतिहास वाचताना इ. स. पू. ४६ हे वर्ष ४४५ दिवसांचे होते, असा उल्लेख आला आणि मी तिथेच अडलो. आपल्याकडे अधिक मास आला की वर्ष सुमारे ३८४ दिवसांचे होते, हे परिचयाचे आहे. परंतु एकाच वर्षात ९० दिवस वाढवण्याची वेळ का यावी, हे उमगत नाही. हे दिवस नेमके कुठे घातले, आणि त्या दिवसांत पत्र लिहिणाऱ्याने तारीख कोणती घातली असेल? काही ठिकाणी ४४३ हा आकडाही दिसतो. कोणता ग्राह्य धरावा?

उत्तर १

दोष त्या वर्षाचा नव्हता. आधीच्या कित्येक वर्षांची थकबाकी त्या वर्षी एकदम चुकती झाली. जुने रोमन वर्ष ३५५ दिवसांचे होते. ऋतूंशी मेळ राहावा म्हणून मधूनमधून फेब्रुवारी २३ किंवा २४ तारखेला तोडून त्यापुढे २७ दिवसांचा अधिक महिना घालत, म्हणजे वर्ष ३७७ किंवा ३७८ दिवसांचे होई. आपल्याकडे ज्या चांद्रमासात सूर्याची संक्रांत होत नाही तो अधिक मास, आणि हे गणितानेच ठरते. रोममध्ये मात्र हा निर्णय पोंटिफेक्स म्हणवल्या जाणाऱ्या धर्माधिकाऱ्यांच्या हाती होता, आणि हे अधिकारी स्वतः राजकारणात मुरलेले असत. अधिक महिना घातला की अधिकारपदावरील माणसाची मुदत वाढे, टाळला की ती वाढत नसे. किलिकियाचा एक वर्षासाठी नेमलेला प्रांताधिकारी सिसेरो रोममधल्या मित्राला कळकळीने लिहितो, की यंदा अधिक महिना पडू देऊ नकोस. त्याला लवकर घरी परतायचे होते.

पुढे यादवी युद्ध पेटले आणि अधिक महिना घालणे राहूनच गेले. इ. स. पू. ४६ चा जानेवारी उजाडला, तेव्हा ऋतूंच्या हिशेबाने ऑक्टोबरचा मध्य होता. सुगीचे सण उन्हाळ्यात येईनासे झाले आणि द्राक्षांच्या हंगामाचे सण शरदात येईनासे झाले, असे रोमन चरित्रकार स्वेटोनियसने नोंदवले आहे. शेतकऱ्याच्या दृष्टीने याहून मोठी विसंगती कोणती?

सीझर इ. स. पू. ६३ पासून प्रमुख पोंटिफेक्स होता आणि आता सर्वाधिकारीही झाला होता. अलेक्झांड्रियाचा खगोलज्ञ सोसिजेनीस याच्या सल्ल्याने त्याने फेब्रुवारीत २३ दिवसांची भर घातली आणि नोव्हेंबर व डिसेंबर यांच्यामध्ये ६७ दिवसांचे दोन महिने बसवले. ३५५, २३ आणि ६७ मिळून ४४५ होतात. हा आकडा सेन्सोरिनसचा, तर ४४३ मॅक्रोबियसचा आहे. दोघेही कित्येक शतकांनंतरचे लेखक असले, तरी बेरीज पाहता मी ४४५ च धरेन. ‘गोंधळाचे शेवटचे वर्ष’ हे नाव मात्र मॅक्रोबियसचेच आहे, आणि त्यातला ‘शेवटचे’ हा शब्द मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

उत्तर २

पत्रावरील तारखेविषयी. सिसेरोचे एक पत्र त्याच काळातले आहे. सीझरविरुद्ध आफ्रिकेत लढलेला लिगारियस परागंदा होता. त्याच्या भावांच्या विनंतीवरून सिसेरो सकाळीच सीझरकडे गेला, भेटीसाठी ताटकळत राहण्याचा अपमान त्याने गिळला, आणि भाऊ व नातलग सीझरच्या पायांवर पडलेले असताना त्याने रदबदली केली. हे लिगारियसला कळवताना तो दिवस सांगतो, ‘पहिल्या अधिक महिन्याच्या १ तारखेपूर्वीचा पाचवा दिवस’. म्हणजे २६ नोव्हेंबर. त्या नोव्हेंबरपुढे डिसेंबर नव्हताच, त्यामुळे दुसरे नाव तरी कुठून आणणार?

प्रश्नकर्ता

दोन्ही उत्तरांबद्दल मनापासून आभार. नोव्हेंबर तर २९ दिवसांचा होता. मग २६ तारीख १ तारखेपूर्वी चौथ्या दिवशी येते, पाचव्या नव्हे. आणि इ. स. पू. ४५ पासून सगळे सुरळीत झाले का?

उत्तर ३

आपल्या दोन्ही शंकांचे उत्तर एकच आहे. रोमन लोक मोजताना दोन्ही टोके धरत: २६, २७, २८, २९ आणि १, असे पाच दिवस. आपणही सोमवारी ‘आठ दिवसांनी या’ म्हणतो, तेव्हा पुढचा सोमवारच अभिप्रेत असतो. ही पद्धत आपल्याला परकी वाटू नये. नवे वर्ष ३६५ दिवसांचे ठरले आणि दर चौथ्या वर्षी एक दिवस वाढवायचा होता. परंतु सीझरच्या हत्येनंतर पोंटिफेक्सांनी हा नियमही दोन्ही टोके धरूनच लावला, आणि दर तीन वर्षांनी दिवस वाढवत गेले. ३६ वर्षांत ९ ऐवजी १२ दिवस वाढले, आणि ते फेडण्यासाठी सम्राट ऑगस्टसला पुढची १२ वर्षे लीप दिवस बंद ठेवावा लागला.