मदत हवी आहे: वळणं घेत निसटणाऱ्या ड्रोनवर तीन ड्रोननी नजर कशी ठेवावी? (गेम थिअरी)

अवकाशवेध
नमस्कार मंडळी. गझीबो (सिम्युलेटर) आणि पीएक्स४ (ड्रोन उडवणारं सॉफ्टवेअर) वापरून सिम्युलेशन चालू आहे. तीन क्वाडकॉप्टरनी (चार पंख्यांच्या ड्रोननी) एका घुसखोर ड्रोनवर नजर ठेवायची आहे. पाडायचा नाही, पकडायचाही नाही. तो आवाराभोवती असेपर्यंत निदान एका कॅमेऱ्यात दिसत राहिला पाहिजे.

आमचे ड्रोन: कमाल वेग १२ मी./से., त्वरण ४ मी./से.². घुसखोर: वेग १५, त्वरण ८, रुंदी ३५ सेंमी. कॅमेरा १२८०×७२०, आडवं दृष्टिक्षेत्र ७० अंश, ३० फ्रेम, गिंबल (कॅमेरा स्थिर धरणारी फिरती जोडणी) नाही. चित्र घेतल्यापासून आज्ञा लागू होईपर्यंत ०.२५ सेकंद जातात. मार्गदर्शनासाठी प्रपोर्शनल नॅव्हिगेशन (लक्ष्याकडची दृष्टिरेषा जितकी फिरते त्या प्रमाणात वळायचं; गुणांक ३), अंदाजासाठी एकसमान वेगाचं कालमन फिल्टर (लक्ष्य त्याच वेगाने सरळ जातंय असं धरून मोजमापांवरून त्याचं स्थान आणि वेग ठरवणारं).

घुसखोर सरळ जातो तोवर सगळं ठीक. जवळ गेलं की तो झटकन वळतो, तिन्ही ड्रोन त्याच्या मागे एकाच बाजूला अडकतात आणि तो दिसेनासा होतो. हॅमिल्टन-जेकोबी-आयझॅक्स समीकरण (पाठलागाच्या खेळात दोन्ही बाजूंची सर्वोत्तम चाल देणारं) ग्रिडवर सोडवावं म्हटलं तर सहा मिती, प्रत्येकी ५० बिंदू, म्हणजे नुसत्या एका तक्त्याला ६२.५ जीबी. गेम थिअरीचा (एकमेकांविरुद्ध निर्णय घेणाऱ्यांच्या गणिताचा) यात व्यवहार्य उपयोग कसा करावा?

लंबरेषा
आधी खेळाचं उद्दिष्ट बदला. प्रपोर्शनल नॅव्हिगेशन धडकण्यासाठी आहे, अंतर शून्याकडे नेणं हेच त्याचं काम. तुमचा खेळ वेगळा आहे: घुसखोराला चौकटीबाहेर पडायचंय, तुम्हाला तो क्षण लांबवायचाय. रूफस आयझॅक्सने १९५०च्या दशकात रँड कॉर्पोरेशनमध्ये पाठलागाच्या खेळांचा पाया घातला. लेविन आणि ब्रेकवेल यांनी १९७५ मध्ये नेमका नजर ठेवण्याचा खेळ मांडला. त्यात मोबदला म्हणजे दिसत राहण्याचा काळ. हे एकदा पक्कं केलं की जवळ जाण्यात फायदा नाही, हे गणितच सांगतं.

तुमच्याच आकड्यांवर बघा. अर्धं दृष्टिक्षेत्र ३५ अंश, म्हणून १० मीटरवर चौकटीची कड ७ मीटर बाजूला. ८ मी./से.² त्वरणाने आडवा निघालेला घुसखोर, तुम्ही काहीच केलं नाहीत तर, १.३ सेकंदांत बाहेर. १५ मीटरवर हाच वेळ १.६ सेकंद, २५ मीटरवर २.१. मग लांबच राहावं का? नाही. २५ मीटरवर तो जेमतेम १३ पिक्सेलचा दिसतो, तिथे डिटेक्टर (चित्रात ड्रोन ओळखणारा प्रोग्राम) डगमगतो. १५ मीटरवर २१ पिक्सेल मिळतात. मी १५ मीटर धरेन.

यॉची (ड्रोन उभ्या अक्षाभोवती फिरण्याच्या वेगाची) मर्यादाही तपासा. १० मीटरवरून १५ मी./से. वेगाने आडवा गेला तर दृष्टिरेषा सेकंदाला ८६ अंश फिरते, १५ मीटरवर ५७. यॉ सेकंदाला ६० अंशांवर बांधलेला असेल तर १० मीटरवर हरणं ठरलेलंच.

आणि लॉगमध्ये एक गोष्ट आवर्जून पाहा: तो कोणत्या कडेने बाहेर जातो? ४ मी./से.² त्वरणासाठी क्वाडकॉप्टर २२ अंश झुकतं. तुमचं अर्धं उभं दृष्टिक्षेत्र २१.५ अंश. म्हणजे पूर्ण जोराने पुढे झेपावलात की समान उंचीवरचा घुसखोर वरच्या कडेने जातो, त्याने वळण घेवो न घेवो! गिंबल हाच खरा उपाय. तो नसेल तर त्वरण २.५ वर आणा, झुकाव साधारण १४ अंशांवर राहील.

त्रिज्या
वरच्या मुद्द्यांशी सहमत. तीन ड्रोनच्या मांडणीबद्दल लिहितो, कारण तिथेच सगळ्यात जास्त हाती लागेल.

घुसखोर वेगवान आहे, त्यामुळे मागून पाठलाग हरण्यासाठीच. सरळ पळाला तर दर सेकंदाला ३ मीटर अंतर वाढतं. अपोलोनियसचं वर्तुळ काढा: तुमचा ड्रोन ज्या बिंदूंवर घुसखोराच्या आधी पोचतो ती जागा. वेगांचं गुणोत्तर ०.८ असताना हे वर्तुळ घुसखोराच्या जागेवरून दोन्ही बाजूंना ५३ अंश व्यापतं (ज्याची साइन ०.८, तो कोन). एका ड्रोनने १०६ अंश अडतात, तिघांनी ३१८. उरली ४२ अंशांची फट.

फट तुमच्या आवाराच्या विरुद्ध बाजूला ठेवा. पळाला तर बाहेरच पळेल. नाहीतर वेगमर्यादा १३ मी./से. करा, कोन ६० अंशांवर जातो आणि तिघे वर्तुळ जेमतेम पुरं करतात. १३.५ ला थोडी सैल जागा मिळते. हे सपाट प्रतलातलं, बिंदूरूप ड्रोनचं आणि विलंब नसतानाचं गणित आहे, तेव्हा अगदी काठावर राहू नका. तुम्हाला गाठायचं नसून १५ मीटरच्या आत असायचंय, ही थोडी सवलत.

अंमलबजावणी: घुसखोराभोवती १२० अंशांवर तीन जागा ठरवा, प्रत्येक ड्रोनला एकच जागा, एकूण अंतर कमीत कमी होईल अशी वाटणी दर अर्ध्या सेकंदाला. नवी वाटणी निदान १५ टक्के चांगली असेल तरच बदला, नाहीतर ड्रोन जागांची अदलाबदल करत बसतात आणि एकमेकांच्या वाटेत येतात.

अवकाशवेध
फार मोलाचं. लॉग पाहिला, बहुतेक वेळा वरच्याच कडेने जातोय. दोन शंका: फिल्टर कोणतं ठेवू, आणि त्या ६२.५ जीबीचं काय?

लंबरेषा
एकसमान वेगाचं एकटं फिल्टर पुरणार नाही. अनेक मॉडेलं एकत्र चालवणारं आयएमएम घ्या: सरळ, डावं वळण, उजवं वळण, जोडीला ब्रेक. वळणाचा दर ८ भागिले १५, म्हणजे सेकंदाला साधारण ३० अंश. त्याच मॉडेलमध्ये राहण्याची संभाव्यता दर फ्रेमला ०.९५ ठेवा, त्याने एक अवस्था सरासरी २० फ्रेम टिकते. कोणत्याही मॉडेलची संभाव्यता ०.०२ खाली जाऊ देऊ नका, नाहीतर घुसखोर बराच वेळ सरळ गेला की फिल्टर वळणाची शक्यताच विसरतं.

दिसेनासा झाल्यावर अंदाजित बिंदूभोवती निम्मं त्वरण गुणिले वेळेचा वर्ग एवढी त्रिज्या धरा. एका सेकंदाला ४ मीटर, दीडला ९, दोनला १६. दीड सेकंदापर्यंत १५ मीटरवरचा कॅमेरा हा पट्टा सामावतो. त्यापुढे शोधाचं काम बाजूच्या ड्रोनकडे द्या.

ग्रिडसाठी उंची वेगळी काढा. आडव्या प्रतलात सापेक्ष स्थान २ आणि सापेक्ष वेग २, अशा चारच मिती. ५० बिंदूंनी ६२.५ लाख घरं, २५ एमबी. वेगाच्या कमाल मर्यादा यात नीट बसत नाहीत, म्हणून हे उत्तर थेट उडवण्यासाठी वापरू नका. त्यातून निघणारी घुसखोराची सर्वांत वाईट खेळी सिम्युलेशनमध्ये खेळवा आणि तुमची मांडणी तिच्यावर तपासा. यादृच्छिक वळणांवरच्या चाचणीने खोटा विश्वास येतो.

त्रिज्या
एक राहिलं. पीएक्स४ च्या ऑफबोर्ड मोडला (बाहेरच्या संगणकाकडून आज्ञा घेणाऱ्या) सेटपॉइंट (कुठे किंवा किती वेगाने जायचं त्या आज्ञा) सेकंदाला दोनपेक्षा जास्त वेळा मिळत राहावे लागतात. घुसखोर हरवला म्हणून तुमचा नोड (आज्ञा पाठवणारा प्रोग्राम) गप्प बसला तर ड्रोन फेलसेफमध्ये (आपोआप सुरक्षित अवस्थेत) जाईल. हरवलेल्या अवस्थेतही अंदाजित बिंदूचे सेटपॉइंट २० हर्ट्झने पाठवत राहा.