टास्क मॅनेजर उघडला का पंखा चूप! हे काय सुरू हाय?

कपाशीवाला, घाटंजी
राम राम मंडळी. घरचा कम्प्युटर विंडोज १०, रॅम ८ जीबी, सेकंडहँड घेतलेला. सातबारा काढणं अन् पोरीचा अभ्यास, एवढंच काम. पण पंधरा दिवसांपासून नुसता चालू ठेवला तरी पंखा असा घोंगावून राहिला का माय सपरीतून विचारते, "फवारणीचा पंप सुरू राहिला काय रे?"

गंमत अशी, टास्क मॅनेजर (कोणता प्रोग्राम किती सीपीयू खाते ते दाखवणारी विंडोजची यादी) उघडला का दोन-तीन सेकंदांत आवाज बसते. सीपीयू ४ टक्के. बंद केला का पुन्हा घूं घूं. टॉर्च पाहून चोर पऱ्हाटीत दबते, तसं.

यादीत 'एसव्हीसीहोस्ट' नावाच्याच साठ-सत्तर ओळी. भाच्यानं त्यातल्या दोन बंद केल्या, तं नेटच गेलं. यातली घरची कोणती अन् बाहेरची कोणती?

बिनसाखर
फॉरमॅट मारा, मोकळे व्हा.

जुना_अकोलेकर
भाऊ, आधी भाच्याला आवरा. एसव्हीसीहोस्ट म्हणजे विंडोजच्या सेवा चालवणारा गडी. २०१७ च्या अपडेटपासून साडेतीन जीबीच्या वर रॅम असली की बहुतेक सेवांना वेगवेगळा गडी मिळतो, म्हणून एवढी गर्दी.

नाव कोणीही लावू शकतं, तुम्ही पत्ता पाहा. राइट क्लिक करून 'ओपन फाईल लोकेशन'. खरा एसव्हीसीहोस्ट विंडोज फोल्डरातल्या सिस्टम३२ मध्ये राहतो, कधी सिसवाऊ६४ मध्ये. ॲपडेटा किंवा टेम्पमध्ये सापडला तर तोतया.

टास्क मॅनेजर पाहून दबतोय म्हणजे मला मायनरचा वास येतो. तुमच्या विजेवर दुसऱ्यासाठी क्रिप्टो खणणारा. मायक्रोसॉफ्टचाच फुकटचा प्रोसेस एक्सप्लोरर घ्या, तोही टास्क मॅनेजरसारखी यादी दाखवतो. त्यात व्हायरसटोटलची (अनेक अँटिव्हायरसांचा निकाल एकत्र दाखवणारी साइट) तपासणी आहे, फक्त फाईलचा हॅश, म्हणजे अंगठ्याच्या ठशासारखी छोटी खूण जाते, डाटा खात नाही.

कपाशीवाला, घाटंजी
सापडला! एक एसव्हीसीहोस्ट ७० टक्के सीपीयू खाऊन राहिला होता. पत्ता ॲपडेटा, रोमिंग. कंपनीचं नाव कोरं. व्हायरसटोटलवर लालेलाल. फाईलची तारीख पाहिली तं भाच्यानं ट्रॅक्टरचा फुकटचा गेम टाकला तोच दिवस. गेमसोबतच्या चिठ्ठीत लिहून होतं, "आधी अँटिव्हायरस बंद करा." पोट्ट्यानं इमानदारीनं बंद केला! मी तो तोतया बंद केला, तं अर्ध्या मिनिटात पुन्हा हजर.

जुना_अकोलेकर
टास्क शेड्यूलर उघडा, त्याला उठवणारा तिथं बसला असेल. डिफेंडरच्या (विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस) 'एक्सक्लूजन'मध्येही, म्हणजे तपासणीतून वगळलेल्या यादीतही पाहा. मग डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन लावा. तो विंडोज सुरू व्हायच्या आधीच तपासतो, साधारण पंधरा मिनिटं. इन्व्हर्टर भरलेला ठेवा.

कपाशीवाला, घाटंजी
एक्सक्लूजनमध्ये अख्खा सी ड्राइव्ह! काढला. शेड्यूलरमधलं 'अपडेट' नावाचं सोंगही काढलं. स्कॅन अर्ध्यावर अन् गावची डीपी (ट्रान्सफॉर्मर) गेली, दुसऱ्यांदा लावला. आता पंखा शांत हाय. भाचा मात्र रुसला, गेम गेला म्हणून.

बिनसाखर
बँकेचा पासवर्ड बदलला का? मोबाइलवरून बदला, त्या मशीनवरून नको. मायनरसोबत आणखी कोण आलं होतं कोणास ठाऊक.

कपाशीवाला, घाटंजी
आयला, हे राह्यलंच. टॉवर पण डीपीसोबतच जाते आमच्याकडं. रेंज आली का करतो.