सरकारी हायस्कूलचा इतिहास: जनरल रजिस्टर खरं की आठवणी?

दप्तरबंद (धागाकर्ता)
शंभरी ओलांडलेल्या सरकारी हायस्कुलांच्या स्मरणिका चाळा. आधी शुभसंदेश, मग जाहिराती, मग 'आमचे सर किती मारायचे'. शाळेच्या कपाटात मात्र जनरल रजिस्टर (दाखल झालेल्या प्रत्येक मुलाची नोंदवही), हजेरीपट, निकालपत्रकं, शेरेबुक धूळ खात पडलेलं. माझं मत: इतिहास दप्तरावरून लिहावा, आठवणी पुरवणीला घ्याव्यात.

साताऱ्याचंच बघा. ७ नोव्हेंबर १९०० रोजी तिथल्या सरकारी शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, इंग्रजी पहिलीत एक मुलगा दाखल झाला. रजिस्टरला क्रमांक १९१४, नाव भिवा रामजी आंबेडकर. ते पान टिकलं म्हणून तारखेचा वाद नाही, आणि राज्यात तो दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. नुसत्या आठवणींवर हे जमलं असतं?

शेवटचा बाक
उदाहरण तुमच्यावरच उलटतंय. त्या ओळीत गोणपाट कुठंय? वर्गात कोपऱ्यात वेगळं बसायचं, गोणपाट रोज घरून आणायचं आणि परत न्यायचं, शिपायानं नळ सोडला तर पाणी, शिपाई नसला तर तहान तशीच. हे बाबासाहेबांनी पुढे स्वतः लिहून ठेवलं म्हणून आपल्याला कळलं. रजिस्टर सांगतं प्रवेश दिला. देऊन पुढे काय केलं, ते लिहायला त्यात रकानाच नाही.

आणि जे रकाने आहेत त्यांचं तरी काय? वर्तणूक: 'चांगली', पानामागून पान. सोडण्याचं कारण: 'पालकांच्या विनंतीवरून'. मुलीचं लग्न ठरलं, बाप ऊसतोडीला गेला, फी थकली, सगळं या दोन शब्दांत गडप.

पाटीपेन्सिल
जन्मतारखेच्या रकान्यावर तर मुळीच विसंबू नका. निम्मा वर्ग १ जूनला जन्मलेला दिसेल! जन्माचा दाखला नसायचा. शाळा जूनमध्ये उघडायची, मूल वयात बसायला हवं, मग गुरुजी मागे मोजून १ जून टाकायचे. पुढे हायस्कूलनं प्राथमिकच्या दाखल्यावरून तीच तारीख उतरवली.

पण म्हणून रकाना फेकून द्यायचा नाही. दर दहा वर्षांनी एका वर्षाच्या पहिल्या शंभर नोंदी घ्या आणि १ जून किती ते मोजा. आकडा जसजसा उतरतो, तसतशी जन्मनोंद घराघरांत पोचत गेलेली दिसते. चूकसुद्धा पुरावा असते, फक्त वेगळ्या गोष्टीचा.

दप्तरबंद
हे पटलं. शेवटच्या बाकाला मात्र एवढंच सांगेन, एकटं रजिस्टर वाचू नका. शाळा सोडल्याची तारीख कधी कधी दाखला मागायला आले तेव्हाची असते, मूल त्याआधी कितीतरी महिने यायचं थांबलेलं. ते हजेरीपटात दिसतं: आधी सलग गैरहजेरी, मग नाव कमी केल्याचा शेरा. दोन्ही शेजारी ठेवा. जून-जुलैत गळती दिसली तर पेरणी, दिवाळीनंतर दिसली तर ऊसतोड, असा अंदाज बांधता येतो. अर्थात तो अंदाजच, गावात विचारून पडताळायचा.

जुनी खळ
वादात एक गोष्ट राहतेय. रजिस्टर झेरॉक्सच्या काचेवर पालथं दाबू नका, शिवण तुटते आणि पानं सुटतात. दोन्ही पुठ्ठ्यांखाली उशी द्या, जेवढं सहज उघडेल तेवढंच उघडा. खिडकीच्या उजेडात, फ्लॅश बंद, मोबाइल स्टँडवर पानाला समांतर. प्रत्येक फोटोत पान क्रमांक आलाच पाहिजे, नाहीतर हजार फोटोंचा गुंता होतो. फाटलेल्या कडेला सेलोटेप कधीच नको, डिंक पिवळा पडून कागदात मुरतो. लॅमिनेशन तर त्याहून वाईट, ते मागे घेता येत नाही. पातळ टिश्यू आणि गव्हाच्या स्टार्चची खळ पुरते. शिवाय नोंद 'सुधारायला' पेन उघडू नका. माध्यमिक शाळा संहितेप्रमाणे त्याला शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी लागते.

शेवटचा बाक
ठीक, कागद जपा. पण मग माणसांनाही तेवढ्याच काळजीनं विचारा. 'शाळा कशी होती?' म्हटलं की 'फार छान' एवढंच मिळतं. विचारायचं असं: एका बाकावर किती जण? माठातलं पाणी कोण ओतून द्यायचं? मुली कुठल्या दारानं यायच्या? साल कुणाला आठवत नाही, म्हणून खुणेला धरा: कोयनेचा भूकंप (डिसेंबर १९६७) झाला तेव्हा कितवीत होता? बहात्तरचा दुष्काळ? दहावीची पहिली बोर्ड परीक्षा मार्च १९७५ ची, तुम्ही त्याआधीच्या अकरावीचे का? एस.एस.सी. झालेलेही सर्रास 'मॅट्रिक' (एस.एस.सी.च्या आधीची जुनी परीक्षा) म्हणतात, ते कानात ठेवा.

पाटीपेन्सिल
जातीच्या रकान्याचं काय करणार? स्मरणिकेत पान छापलं की नावापुढे जात छापली गेली.

दप्तरबंद
नावं झाकायची, संख्या द्यायची. कुठल्या दशकात कोणत्या समाजाची किती मुलं आली आणि त्यातली किती शेवटच्या इयत्तेपर्यंत टिकली.

शेवटचा बाक
मुलांची नावं झाका, हरकत नाही. पण ज्या वर्षी एकाही दलित मुलीचा प्रवेश नाही, ते वर्ष तक्त्यात शून्य घालून छापा. 'माहिती उपलब्ध नाही' लिहून मोकळे होऊ नका. रजिस्टर उपलब्ध आहे, मुली नाहीत.

दप्तरबंद
शून्य छापू. पण आधी तुकडीवार बेरीज दोनदा तपासा. अशा शून्यावर स्मरणिका समितीत पहिला आक्षेप मोजणीवरच येतो.