मदत हवी आहे: शिश्नाच्या वरच्या शिरेत डॉपलरला रंग भरत नाही, गुठळी लिहू का?

तापीकाठ (चोपडा)
सोनोग्राफीवाल्यांनी जरा मदत करा. पेशंट 34 वर्षांचा. शिश्नाच्या वरच्या बाजूला, मुळापासून पुढे साधारण 4 सेंमी लांब कडक शीर, 4 दिवसांपासून. "शीर दोरीमायक व्हई गयी" एवढंच सांगतो. ताप नाही, लघवीला त्रास नाही, बाक नाही. माझा लिनियर प्रोब 7 ते 12 मेगाहर्ट्झचा. बी-मोडला (साध्या काळ्या-पांढऱ्या चित्रात) नळी दिसते, आत काळं. कलर (रक्तप्रवाह रंगात दाखवणारं डॉपलर) टाकला तर काहीच भरत नाही. रिपोर्टला थ्रॉम्बोसिस लिहून मोकळा होऊ, की जळगावला एमआरआयला पाठवू? आणि ही वरची शीर की खोलवरची डॉर्सल व्हेन, हे पडद्यावर कसं ओळखता?

केळीबाग (रावेर)
भाऊ, आधी सांगा पीआरएफ (म्हणजे स्केल, किती वेगाचा प्रवाह रंगात दाखवायचा ती सेटिंग) किती होता. पायाच्या धमन्यांच्या प्रीसेटवर मशीन असेल तर धडधाकट माणसाच्या या शिरेतही रंग येत नाही, रक्त इतकं संथ चालतं. स्केल 3 ते 5 सेंमी प्रति सेकंदावर आणा, वॉल फिल्टर (संथ हालचाल गाळून टाकणारी सेटिंग) सगळ्यात खाली. कलर गेन वाढवत न्या. पडद्यावर फुटाणे (रंगाचे खोटे ठिपके) उडायला लागले की एक पायरी मागे. शीर कातडीला समांतर धावते, म्हणजे बीम तिच्यावर काटकोनात पडतो आणि डॉपलर आंधळा होतो. कलर बॉक्स तिरका करा, तेवढ्याने भागलं नाही तर प्रोबची एक बाजू जेलवर उचलून धरा.

दुसरी चूक हाताची. ही शीर कातडीखाली काही मिलिमीटरवर आहे, प्रोबच्या नुसत्या वजनानेही मिटते. जेल कोमट करून सढळ हाताने ओता. पडद्यावर प्रोब आणि कातडीच्या मध्ये जेलचा काळा पट्टा सतत दिसला पाहिजे. पट्टा गेला की तुम्ही दाबताय.

आणि शिश्न पोटावर उलटं ठेवून खालच्या बाजूने बघायची जी सवय असते, ती इथे मोडा. तसं केलं तर हवी ती शीर सगळ्यात खोल जाते, शिवाय पोटाशी दाबली जाते. मांड्यांवर घडी केलेला टॉवेल, त्यावर शिश्न सरळ, प्रोब वरून. खोलीत पुरुष मदतनीस असू द्या, पेशंट अंग आखडत नाही.

आता मुख्य मुद्दा. "आत काळं" याला काही अर्थ नाही, ताजी गुठळीही रक्तासारखीच काळी दिसते. आडव्या छेदात हळूच दाबा. भिंती एकमेकींना टेकल्या तर शीर मोकळी, टेकल्या नाहीत तर गुठळी. रंग हा फक्त जोडीचा साक्षीदार.

थर आडव्या छेदातच मोजा: कातडी, डार्टॉस (कातडीखालचा सैल थर), त्यात वरची शीर, मग बक्स फॅशियाची (त्याखालच्या घट्ट आवरणाची) बारीक पांढरी रेघ, तिच्याखाली खोल डॉर्सल व्हेन. खोल शिरेच्या दोन्ही अंगांना, जवळपास त्याच पातळीवर, एकेक धमनी धडधडताना दिसते. वरच्या शिरेला असे शेजारी नसतात. वरची शीर एक्स्टर्नल पुडेंडल शिरेमार्गे जांघेत सॅफेनसकडे (पायाच्या वरवरच्या मोठ्या शिरेकडे) जाते. खोल शीर प्यूबिक हाडांच्या सांध्याखालून आत प्रोस्टेटभोवतीच्या जाळ्यात. म्हणून तपास मुळापाशी थांबवू नका, जांघेपर्यंत जा.

तापीकाठ (चोपडा)
पीआरएफ 20 वर होता. लाज वाटते. आता 4 वर, जेल भरपूर. खाली दोन्ही धमन्या आणि मधली शीर छान भरतात. वरची तशीच, दाबली तर मिटत नाही, भिंत जाड, वरच्या चरबीचा पांढुरकेपणा वाढलेला. इंजेक्शन देऊन ताठरता आणून बघायचं का?

धुळेकर युरो
मुळीच नको. ते इंजेक्शन धमन्यांच्या प्रश्नासाठी. इथे दुखणं वाढेल, शिवाय 4 तासांवर ताठरता टिकली तर नवीनच इमर्जन्सी. एमआरआयही नको, चित्र स्पष्ट आहे: शिश्नाचा मोंडोर, म्हणजे वरच्या शिरेत गुठळी होऊन ती कडक होणं. आंरी मोंडोर यांनी 1939 मध्ये छातीवरच्या शिरांचं वर्णन केलं, नाव तिथून आलं. शिश्नापुरता असलेला प्रकार 1958 मध्ये हेल्म आणि हॉज यांनी मांडला.

तरी दोन गोष्टी नाकारून लिहा. पेरोनीची (शिश्नाला बाक आणणाऱ्या आजाराची) गाठ शिरेत नसते, ट्युनिका अल्बुजिनियात (ताठ होणाऱ्या भागाच्या जाड वेष्टनात) असते. तिथे जाडी किंवा सावली टाकणारं कॅल्शियम बघा. कोरोनल खाचेभोवती (शिश्नमुंडामागच्या खाचेभोवती) आडवी, वेटोळी, न दुखणारी दोरी असेल तर ती बहुधा लसिकावाहिनी. संबंधाच्या वेळी अचानक सूज आणि जांभळेपणा आला असेल तर शिश्नाचं फ्रॅक्चर (ट्युनिका फाटणं) की नुसती वरची शीर फाटलीय, हे ट्युनिकाची पांढरी रेघ सलग आहे का यावर ठरतं. पुस्तकात फ्रॅक्चरच्या या सुजेला वांग्याची उपमा आहे. आपलं भरताचं हिरवं वांगं डोळ्यासमोर आणू नका, जांभळं आणा.

उपचार साधे: वेदना-सूज कमी करणारी गोळी (जठर आणि किडनी बघून), 4 ते 6 आठवडे संबंध आणि हस्तमैथुन बंद. संसर्गाची खूण नसेल तर अँटिबायोटिक लिहू नका. रक्त पातळ करण्याच्या औषधांबद्दल एकमत नाही, गुठळी वरच्याच शिरेत असेल तर मी देत नाही. कारण सापडत नसेल, पुन्हा होत असेल किंवा इतर शिराही धरल्या असतील तर गोठण्याच्या तपासण्या आणि ओटीपोटाची सोनोग्राफी. नुकतं हर्नियाचं ऑपरेशन झालंय का, तेही विचारा.

केळीबाग (रावेर)
रिपोर्टला गुठळीची लांबी, मुळापासूनचं अंतर, खोल शीर आणि दोन्ही जांघांतलं सॅफेनस-फेमोरल जंक्शन (सॅफेनस मांडीच्या खोल शिरेला मिळते ती जागा) मोकळं असल्याचं लिहा. पुन्हा डॉपलर 6 ते 8 आठवड्यांनी, आणि पीआरएफ तोच ठेवून.