मागच्या ड्रम ब्रेकच्या जागी डिस्क: मास्टर सिलिंडर बदलावा का?

प्रश्न: हौशी शर्यतींसाठी तयार करत असलेल्या गाडीच्या मागच्या चाकांना ड्रमऐवजी डिस्क बसवायच्या आहेत. मूळ मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइलला दाब देणारा भाग) चालेल का?

उत्तर १: आधी मोजमाप करा. ड्रममध्ये चाकाच्या फिरण्यामुळेच एक शू (ड्रमला आतून घासणारी पट्टी) ड्रमवर अधिक दाबला जातो. डिस्कला ही आयती मदत नसल्याने दाब जास्त लागतो, आणि कॅलिपरचा (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाचा) पिस्टन मोठा असल्याने ब्रेक ऑइलही जास्त लागते, म्हणून सिलिंडर अपुरा पडल्यास पेडल खोल जाते. ड्रमच्या नळीत सुमारे १० पीएसआय दाब टिकवणारा व्हॉल्व्ह असल्यास तो काढाच, अन्यथा पॅड सतत घासून डिस्क तापतील.

उत्तर २: माझ्या मते खरा धोका वेगळाच आहे. ब्रेक दाबताच भार पुढच्या चाकांवर सरकतो, आणि अशा वेळी मागची चाके आधी जाम झाली तर गाडी गरकन फिरते. मागचा दाब कमी-जास्त करता येणारा व्हॉल्व्ह बसवून, पुढची चाके आधी जाम होतील असाच तो जुळवावा.

प्रश्नकर्ता: आणि हँडब्रेक?

उत्तर १: यांत्रिक हँडब्रेकची सोय असलेलेच कॅलिपर घ्या, नंतर ती जोडणे फार किचकट होते.