'सिल्क'मधल्या बिलीला मराठीत काय म्हणू? मदत हवी आहे

सध्या आईबरोबर बीबीसीची 'सिल्क' ही लंडनच्या वकिलांवरची मालिका पाहतेय. २०११ ते २०१४ मध्ये आलेली, ३ सीझन, १८ भाग. मॅक्सीन पीकची मार्था कॉस्टेलो, तिच्याच चेंबर्समधला (वकिलांच्या सामायिक ऑफिसातला) क्लाइव्ह रीडर आणि सीनियर क्लार्क बिली. आईला इंग्रजी फारसं कळत नाही, म्हणून थांबवत थांबवत मराठीत सांगते. मार्था तिला लगेच कळली. 'सिल्क'साठी, म्हणजे वरिष्ठ वकिलाच्या दर्जासाठी, अर्ज केलाय, पोटात मूल आहे, केसेस चालूच. "हिला गरम जेवण वाढणारं कुणी नाही का गं?" असं आई दर भागात विचारते.

अडलं ते बिलीपाशी. क्लार्क म्हणजे कारकून, असं मी सांगून टाकलं. बाबा साताऱ्याला एका वकीलसाहेबांकडे ३० वर्षं कारकून होते. वकीलपत्राला कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, नकलेचा अर्ज द्यायचा, बोर्ड बघून यायचं, तारखा वहीत लिहायच्या. संध्याकाळी तांबड्या नाडीत बांधलेले कागद साहेबांच्या घरी पोचवायचे. एका ओढीत सुटेल अशीच गाठ मारायचे. साहेबांसमोर कधी खुर्चीत बसले नाहीत. आणि हा बिली ठरवतो कुठली केस कुणाला! आई म्हणाली, "तू काहीतरी चुकीचं सांगतेयस. कारकुनाचं कोण ऐकतं?"

जाणकारांनो, हे नक्की काय आहे? आणि नकोसा आरोपी मार्था सरळ नाकारत का नाही?

प्रतिसाद: ताई, मी लंडनला सॉलिसिटरच्या ऑफिसात आहे. अशील आधी आमच्याकडे येतो, कोर्टात बाजू मांडायला बॅरिस्टर हवा असला की आम्ही फोन क्लार्कलाच करतो. चेंबर्समधले बॅरिस्टर कुणाचे नोकर नसतात, ज्याची त्याची स्वतंत्र वकिली. जागेचा आणि क्लार्कचा खर्च तेवढा वाटून घेतात. काम आणणं, फी ठरवणं क्लार्ककडे. पूर्वापार त्याला फीमध्ये टक्का असायचा. म्हणून हा दरारा, तरी बोलताना 'सर' आणि 'मिस'च.

आरोपीचं म्हणाल तर इथे 'कॅब रँक' नियम आहे. रांगेतल्या पहिल्या टॅक्सीने येईल ते भाडं घ्यायचं, तसं. केस आपल्या विषयातली, वेळ मोकळा, फी योग्य, मग माणूस आवडत नाही म्हणून नाही म्हणता येत नाही. 'सिल्क' म्हणजे क्वीन्स कौन्सेल, २०२२ पासून किंग्ज कौन्सेल. त्यांचा गाऊन रेशमी. आपल्याकडच्या सीनियर ॲडव्होकेटसारखे.

आणि नाडी इथेही आहे बरं का. बचावाच्या कागदांना गुलाबी, सरकारी पक्षाच्या पांढरी.

मूळ धागाकर्ती: मनापासून आभार! नाडीचं आईला वाचून दाखवलं. पहिला भाग पुन्हा लाव म्हणतेय, मार्थाच्या कागदांची गाठ बघायचीय. बिलीला 'दिवाणजी' म्हण, असंही म्हणाली. चालेल का?