काईटसर्फिंगची काईट घरच्या मशीनवर शिवली तर बिघडलं कुठे?

तिरकी टीप (धागाकर्ता)

काईटसर्फिंग, म्हणजे मोठ्या पतंगाच्या ओढीने फळीवरून पाण्यावर धावणं. ते करणाऱ्यांच्या घोळक्यात 'माझी काईट मीच शिवतोय' असं म्हटलं की हमखास प्रश्न येतो, 'विमा काढलायस ना?' सगळे हसतात आणि विषय तिथेच संपतो. मला तो इतक्यात संपवायचा नाहीये.

हा खेळ काही मोठ्या कंपन्यांनी जन्माला घातलेला नाही. फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यावरच्या ब्रुनो आणि दोमिनिक लगेन्यू या भावांनी १९८४ साली फुगवायच्या काईटचं पेटंट घेतलं. त्यांची 'विपिका' ही काईट बाजारात यायला १९९० च्या दशकाचा उत्तरार्ध उजाडला. तिकडे अमेरिकेत बिल रोसेलर हा बोइंगमधला अभियंता आणि त्याचा मुलगा कोरी 'काईटस्की'वर, म्हणजे काईटने ओढायच्या पाण्यावरच्या स्कीवर, खटपट करत होते. म्हणजे बाप-लेक, भाऊ-भाऊ अशा जोड्या. तेव्हा कुणी त्यांना विम्याचं विचारलं नसावं.

माझं म्हणणं एवढंच की कापडाचं काम घरी होऊ शकतं. कॅनोपीला, म्हणजे पंखाच्या कापडाला, चौरस मीटरला साधारण ५० ग्रॅम वजनाचं रिपस्टॉप पॉलिएस्टर, पुढच्या फुगीर नळीला, म्हणजे लीडिंग एजला, १६०-१७० ग्रॅमचं डेक्रॉन आणि आत टीपीयू प्लास्टिकचा ब्लॅडर, म्हणजे हवेची पिशवी. सर्फप्लॅनसारख्या प्रोग्रॅममध्ये आकार बसवला की तुकड्यांचे सपाट नमुने छापून मिळतात. जोड आधी दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या ६ मिलिमीटरच्या पट्टीने चिकटवायचे आणि मग टीप मारायची. टाचण्या नकोत, कापडाला भोकं पडतात. कडा सोल्डरिंगच्या तापलेल्या टोकाने कापल्या की धागे सुटत नाहीत.

यातलं बारकाईने काम करणाऱ्याला न जमण्यासारखं नेमकं काय आहे? ठोस विरोध करा. 'जिवाशी खेळू नका' एवढ्यावर भागणार नाही.

समोरचा वारा

ठोस हवंय ना? घ्या.

१२ चौरस मीटरची काईट डोक्यावर स्थिर उभी आहे. वारा सेकंदाला ५ मीटर, म्हणजे १० नॉटच्या आसपास. उचल गुणांक ०.८ धरला तर ओढ येते साधारण १४५ न्यूटन. जेमतेम १५ किलोचं ओझं, कुणीही पेलेल. आता तीच काईट खाली झोकवा. ती वाऱ्याच्या कित्येक पट वेगाने आडवी धावते आणि तिला लागणारा वारा सहज २० मीटरवर जातो. ओढ वेगाच्या वर्गाने वाढते, त्यामुळे झाली २,३०० न्यूटन, म्हणजे २३५ किलो. वारा तोच, काईट तीच, ओढ सोळा पट.

आता यात ब्रायडलची, म्हणजे पंखाला बांधलेल्या दोऱ्यांच्या जाळ्याची, एक बाजू दोन सेंटिमीटर लांब राहिली, किंवा डावा पंख उजव्यापेक्षा जरा फुगीर झाला, असं समजा. काईट एका अंगाला ओढत राहणार. तुम्ही बारने, म्हणजे हातातल्या दांड्याने, ती सावरत बसणार, आणि नेमक्या झोतात ती तुमचं न ऐकता खाली झोकावणार. शिवण उसवली तर निदान ओढ तरी संपते. मला भीती आहे ती अजिबात न उसवलेल्या, पण चुकीच्या आकाराच्या काईटची.

उसवणारी सुई

मी शिडं आणि काईट दुरुस्त करते, त्यामुळे आकाराबद्दल वरच्या प्रतिसादाला +१. पण शिवण उसवली तर बरंच, हे काही मला पटलं नाही. किनाऱ्यापासून लांब असताना लीडिंग एज फुटली की परतीचं वाहनच गेलं.

लीडिंग एजचं गणित कुणी करत नाही म्हणून करते. ७ पीएसआय हवा म्हणजे साधारण ४८ किलोपास्कल. नळीचा व्यास २० सेंटिमीटर असेल, तर नळी बंद करणाऱ्या शिवणीच्या दर सेंटिमीटरवर ४८ न्यूटन ताण येतो, जवळजवळ पाच किलो. हा नुसत्या हवेचा, वारा अजून यायचाच आहे! तिथे कपड्यांचा साधा दोरा चालत नाही, बॉण्डेड पॉलिएस्टर लागतो. तीन टप्प्यांचा झिगझॅग आणि दोन रांगा. आणि 'मजबूत व्हावं' म्हणून टाका फार बारीक घेऊ नका. सुईची भोकं जवळजवळ आली की ताण येताच कापड तिकिटासारखं फाटतं.

ब्लॅडरबद्दलही लोकांचा उलटा समज असतो. तो डेक्रॉनच्या नळीपेक्षा किंचित मोठा हवा, म्हणजे सगळा ताण डेक्रॉन घेतं आणि ब्लॅडर नुसती हवा धरतो. नेमका मापाचा किंवा लहान कापलात तर तो स्वतःच ताणला जातो आणि जोडावर फाटतो. इस्त्री आणि बेकिंग पेपर घेऊन टीपीयू जोडता येतं, पण घरच्या इस्त्रीचं तापमान सतत वरखाली होत असतं. आधी रद्दी तुकड्यांवर हात बसवा.

आणि घरच्या मशीनची खरी अडचण वेगळीच. मोटर पुरते, पण गुंडाळलेली कॅनोपी मशीनच्या हाताखालून जात नाही. शिवाय हे कापड गुळगुळीत. खालचा थर दात्यांबरोबर पुढे सरकतो आणि वरचा मागे राहतो. चार मीटरची शिवण संपेपर्यंत एक थर सेंटिमीटरभर लांब निघतो. वर ज्या चुकीच्या आकाराची भीती घातली आहे, तो इथे तयार होतो. डिझाइन बरोबर असलं तरीही.

तिरकी टीप

@उसवणारी सुई, असा प्रतिसाद मिळावा म्हणूनच धागा काढला होता. थर सरकण्यावर माझा उपाय असा: दोन्ही तुकड्यांच्या कडेला दर १० सेंटिमीटरवर जुळत्या खुणा, आणि खूण खुणेवर आल्याशिवाय पट्टी चिकटवायचीच नाही. वेळखाऊ आहे, पण चूक चार मीटरभर साठत जात नाही. कारखान्यातल्या काईटही मशीनवर बसलेली माणसंच शिवतात, आकाशातून पडत नाहीत.

@समोरचा वारा, गणित मान्य. पण 'चुकीचा आकार' हा धोका विकतच्या काईटला नाही, हे तुम्ही कशावरून धरलं? पॅराग्लायडरला ईएन ९२६-१ आहे, त्यात कमाल वजनाच्या आठपट भार पेलून दाखवावा लागतो. काईटबोर्डिंगचं आयएसओ २१८५३ हे २०२० चं मानक बघा. ते फक्त रिलीज यंत्रणेचं, म्हणजे संकटात काईटची ओढ सोडवणाऱ्या खटक्याचं आहे. पंखाची शिवण, आकार, भार यांबद्दल त्यात काही नाही. म्हणजे दुकानातल्या काईटवर तुम्ही ठेवता तो विश्वास ब्रँडच्या नावावरचा आहे.

पाचवी दोरी

मी शिकवतो, म्हणून हा मुद्दा तसाच सोडवत नाही.

मानक रिलीजचं आहे, कारण जीव तिथे वाचतो. पण रिलीज ओढल्यावर पुढे काय होतं? बार सुटतो, सगळा भार एका दोरीवर जातो आणि काईटने त्या एका दोरीवर झेंड्यासारखं फडफडत ओढ टाकून द्यायची असते. हे काम पंखाचं आहे, रिलीजच्या खटक्याचं नाही. एका दोरीवर गिरक्या घेत राहणारी काईट असेल, तर जगातला सर्वोत्तम रिलीज लावूनही ती तुम्हाला फरफटत नेईल. 'बार विकतचा घेतो, पंख घरी शिवतो' म्हणणाऱ्यांच्या हे लक्षात येत नाही.

इतिहास काढलाच आहे तर पुढचा भागही सांगा. १९८४ च्या पेटंटपासून २००५ च्या सुमाराला बो काईट, म्हणजे धनुष्यासारखी चपटी काईट, बाजारात येईपर्यंत वीस वर्षं गेली. बार ढकलून ओढ जवळजवळ शून्यावर आणता येणं सर्रास झालं ते त्यानंतर. आधीच्या सी काईटमध्ये, म्हणजे इंग्रजी C सारख्या कमानदार काईटमध्ये, ते होत नव्हतं. त्या काईट अनुभवी लोकांनीच बनवलेल्या होत्या, तरी त्यांनी माणसं उचलून आपटली. ब्रुनो लगेन्यूला ज्याला वीस वर्षं लागली, ते तुम्ही जेवणाच्या टेबलावर एका हंगामात करणार?

पाण्यात पडलेली काईट परत उठणं हा तर आणखी वेगळा विषय. ते पंखाच्या टोकांच्या आकारावर आणि ब्रायडलच्या कोनावर ठरतं.

एकपदरी

सगळे चुकीच्या काईटवर भांडताय. पहिलीच काईट फुगवायची कशाला?

नासाची पॅराविंग बघा. फ्रान्सिस रोगॅलोच्या लवचीक पंखाची कल्पना, अंतराळयान परत उतरवता येईल का म्हणून नासाने १९६० च्या दशकात तपासलेली. तिच्यावरून काढलेली एनपीडब्ल्यू ५ शौकिनांनी घरोघरी शिवली आहे. कापडाचा एकच थर, आत ना नळी ना कप्पे ना ब्लॅडर. बरेचसे काप सरळ रेषेत. नवशिक्याच्या हातूनही ती सममित निघते, म्हणजे वरची अर्धी भीती गेली. राहतात ब्रायडलच्या ढीगभर दोऱ्या. त्या डायनीमाच्या, म्हणजे मजबूत कृत्रिम धाग्याच्या घ्या, आधी ताणून घ्या आणि सगळ्या सारख्याच ताणाखाली मोजा. सैल दोरी मोजून गाठ मारणाऱ्याला मी तरी काईट उडवू देणार नाही.

दोष आहेतच. वाऱ्याच्या विरुद्ध अंगाला वर चढायला ती कमजोर. पाण्यात पडली की ओलं फडकं, उठत नाही. म्हणून ती जमिनीवर, बग्गीवर, बर्फावर वापरायची. खोल पाण्यात नाही.

समोरचा वारा

'जमिनीवर' म्हणजे सुरक्षित, असं वाचणारे वाचतील म्हणून लिहितो. पाण्यावर उचलून आपटलात तर पाणी असतं. वाळूवर वाळू असते आणि तिच्यापलीकडे दगड, कुंपण, गाड्या. काईटचे वाईट अपघात किनाऱ्यावर किंवा त्याला लागूनच होतात, भर समुद्रात कमी.

एकपदरी

म्हणून तर तीन चौरस मीटर. बारा कोण म्हणालं?

कोरा कागद

पैशांचा मुद्दा कुणीतरी आणणारच, तर मीच आणतो. बचत म्हणून हे करत असाल तर सोडून द्या. रिपस्टॉप, डेक्रॉन, टीपीयू, व्हॉल्व्ह, दोऱ्या हे सगळं सुटं आणि थोडं थोडं घेतलं की चांगल्या स्थितीतली वापरलेली काईट त्याहून स्वस्त पडते. फॉइल काईट, म्हणजे पॅराग्लायडरसारखी कप्प्यांची काईट शिवू म्हणाल, तर १० चौरस मीटरच्या काईटला दोन थर आणि मधल्या फासळ्या मिळून २५-३० चौरस मीटर कापड जातं. २०२४ च्या ऑलिंपिकला मार्सेयमध्ये अशाच फॉइल धावल्या, फुगवायच्या नळीच्या नव्हे. त्या बघून अनेकांचे हात शिवशिवतात. पण मधून टोकाकडे जाताना प्रत्येक फासळीचा आकार बदलतो, आणि पाण्यात वापरायची तर कप्प्यांत हवा टिकवणारे एकमार्गी व्हॉल्व्हही हवेत.

हौस म्हणून करा, कुणाची ना नाही. हिशेब मात्र मांडू नका.

उसवणारी सुई

माझा मधला मार्ग: फाटकी जुनी काईट घ्या आणि ती पूर्ण उसवा. टोकाचे पट्टे कसे दुमडलेत, स्ट्रट, म्हणजे मागे जाणारी आडवी फुगीर नळी, लीडिंग एजला कुठे आणि किती थरांनी धरलाय, ताणाच्या जागी कापडाचा धागा कुठल्या दिशेला ठेवलाय, हे जे हाताला कळतं ते पडद्यावर दिसत नाही. मग तेच तुकडे नमुना धरून नव्या कापडाची कॅनोपी बेता. नळी, ब्रायडल, पुल्या जुन्याच. तिचा आकार आधीच उडून सिद्ध झालेला आहे, त्यामुळे पाचवी दोरी यांची हरकतही बरीचशी निघाली.

तिरकी टीप

सल्ला उत्तम, पण त्याला दुरुस्ती म्हणतात. मला काईट बनवायची आहे.

कोरा कागद

बनवायची आहे की 'मी बनवली' म्हणून मिरवायची आहे? विचारतोय फक्त.

तिरकी टीप

दोन्ही. मिरवण्यात गैर काय? बोट बनवणारे मिरवतात, सायकल बनवणारे मिरवतात.

तरी इथलं वाचून क्रम ठरवला आहे. आधी तीन मीटरची एकपदरी, मोकळ्या मैदानात, मंद वाऱ्यात. फुगवायची काईट त्यानंतर, आणि तिचा आकार प्रसिद्ध नकाशावरून, स्वतःच्या डोक्यातून नाही. बार आणि रिलीज विकतचा हे पहिल्यापासून ठरलेलं होतं. पण उसवून नक्कल करणार नाही. त्यात शिवण शिकता येईल, पण तो आकार तसाच का, हे नाही कळणार. आणि ते कळल्याशिवाय विकतच्या काईटवरचा विश्वासही आंधळाच राहतो, हे माझं मत कायम आहे.

@पाचवी दोरी, एका दोरीवर फडफडण्याची चाचणी घरगुती काईटवर कशी घ्यायची, तेवढं सांगा.

पाचवी दोरी

मत कायम ठेवा, माझंही कायम आहे. चाचणी मात्र सांगतो.

छोटी काईट, मंद आणि एकसारखा वारा, वाऱ्याच्या खालच्या अंगाला पूर्ण मोकळी जागा. शेजारी मदतनीस हवा, त्याच्या हातात दोरी कापायचा चाकू. दोर खांबाला बांधून बघायचं नाही, कारण अडचणीत खांबाला सोडता येत नाही. काईट डोक्यावर असताना रिलीज ओढा. मग ती बाजूला जिथवर जाते त्या काठाला खाली नेऊन ओढा, आधी डावीकडे, मग उजवीकडे. दर वेळी ती एका दोरीवर पडून ओढ टाकते का बघा. एकदा जरी गिरकी घेऊन परत भरली, तर दोष सापडेपर्यंत ती काईट जमिनीवर. वारा वाढवायचा तो हे सगळं नीट झाल्यावरच, तोही थोडाथोडा.

तिरकी टीप

आणि दर वेळी पडली तर? तुमच्या किनाऱ्यावर आणू द्याल?

पाचवी दोरी

आणा. पहिल्या दिवशी बार माझ्या हातात राहील.